हिरवा रंग कोणी ठरवला?

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हवामान खात्याचा पावसाचा नकाशा महाराष्ट्रात घरोघरी पोचतो. तो वर्तमानपत्रात छापून येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, बाजार समितीच्या ओट्यावर कोणाच्या तरी मोबाइलमध्ये उघडलेला असतो. त्यात देशाचे ३६ उपविभाग असतात आणि त्यांतले चार आपल्या वाट्याला येतात : कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. सरासरीच्या तुलनेत पाऊस उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांच्या आत असेल तर विभाग हिरवा, म्हणजे ‘सामान्य’. त्याहून जास्त पडला की निळ्या छटा. उणे २० ते उणे ५९ असेल तर लाल. आणि उणे ६० च्याही खाली घसरला की पिवळा.

ही शेवटची पायरी नीट पाहिली पाहिजे. तूट वाढत वाढत भीषण झाली की नकाशावरचा लाल रंग जातो आणि पिवळा येतो. लाल म्हणजे सर्वांत वाईट, अशी आपल्या डोळ्यांना चौकातल्या सिग्नलपासून सवय आहे. त्यामुळे खालची रंगसूची न वाचणाऱ्याला सर्वाधिक होरपळलेला विभाग शेजारच्या लाल विभागापेक्षा बरा वाटतो. उणे १९ टक्क्यांचा विभाग हिरवा आणि उणे २० टक्क्यांचा लाल, हेही आहेच. दोघांच्या पावसात अंतर जेमतेम एका टक्क्याचे, पण पाहणाऱ्याला एक सुखात दिसतो आणि दुसरा संकटात. तिकडे उणे १९ आणि अधिक १९ यांच्यात ३८ टक्क्यांचे अंतर असूनही दोघे एकाच रंगात बसतात.

जागेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. महाबळेश्वर आणि म्हसवड ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातली. एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दुसरीकडे पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली की घाटमाथ्याचा पाऊस माणदेशाच्या कोरड्या रानावर कागदोपत्री पडतो. उपविभागाच्या नकाशात तर सातारा, नाशिक, जळगाव आणि सोलापूर या सगळ्यांना मिळून एकच रंग. बारीक आकडे नाहीत म्हणून असे होते, असे म्हणायलाही जागा नाही. ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत आणि पीकविम्याचा हिशेबही मंडळाच्या पातळीवर होतो. शेतकऱ्याच्या कामाचा आकडा मंडळाचा असतो आणि त्याला चित्र दिसते ते चार विभागांचे.

काळाचेही तसेच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. महाराष्ट्रात मंडळामागून मंडळांत एकवीस दिवसांहून मोठा खंड पडला आणि सोयाबीन फुलोऱ्यातच करपले. सप्टेंबरअखेर मोसमाचा हिशेब झाला तेव्हा देशाची एकूण तूट भरली ६ टक्के. १ जूनपासूनची बेरीज दाखवणाऱ्या चित्रात तो ऑगस्ट विरघळून जातो. रोजच्या पावसाचे साधे स्तंभ एकापुढे एक मांडले असते, तर मधली रिकामी जागा कोणालाही दिसली असती.

हा नकाशा खोटा आहे असे मी म्हणत नाही. त्यातला आकडा न् आकडा पर्जन्यमापकावर मोजलेला आहे. माझे म्हणणे एवढेच की मोजलेला आकडा आणि पाहिलेले चित्र यांच्यामध्ये कोणीतरी काही निर्णय घेतलेले असतात : कोणता भूभाग एक मानायचा, कोणत्या तारखेपासून मोजायचे, तुलना कशाशी करायची, ‘सामान्य’ची सीमा कुठे आखायची, कोणता रंग भरायचा. या निर्णयांतूनच चित्राचे म्हणणे तयार होते. प्रत्येक आलेख काहीतरी म्हणत असतो, म्हणून तो करणाऱ्याने लेखकाइतकी जबाबदारी घेतली पाहिजे आणि पाहणाऱ्याने त्याला प्रश्न विचारले पाहिजेत. ‘डेटा व्हिज्युअलायझेशन’ या नावाने आज जे शिकवले जाते त्यात कोणते बटण कुठे आहे हे भरपूर असते. या निर्णयांबद्दल फार थोडे असते.

यावर एक सरळ आक्षेप येतो. चित्र एवढे निसरडे असेल तर आकड्यांचा तक्ताच द्यावा, चित्राच्या फंदात पडूच नये. त्याचे उत्तर फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये देऊन ठेवले आहे. त्याने आकड्यांचे चार संच तयार केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९, दुसरीची ७.५, दोहोंतला सहसंबंध ०.८१६ आणि त्यांतून काढलेली सरळ रेषाही एकच. तक्ता वाचणारा म्हणेल, चारही सारखेच. कागदावर बिंदू मांडले की पहिल्या संचात ते रेषेच्या आसपास विखुरलेले दिसतात, दुसऱ्यात सुबक वक्र, तिसऱ्यात सरळ रेषा आणि तिच्यापासून फटकून बसलेला एकच बिंदू. चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे असतात आणि लांब कोपऱ्यातला अकरावा एकटा त्या साऱ्या सहसंबंधाचा भार वाहतो. म्हणजे चित्राशिवाय गत्यंतर नाही. सरासरी जे झाकते ते डोळ्यांना दिसते, आणि डोळ्यांना काय दाखवायचे हे चित्र काढणारा ठरवतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या दोन्ही सांभाळणे हेच या विद्येचे अवघड काम आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रसिद्ध आकृती या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. हाती दिवा घेतलेली परिचारिका ही त्यांची शाळेतली ओळख. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि हिंदुस्थानातल्या आरोग्याचे आकडे त्या वर्षानुवर्षे तपासत होत्या, हे आपल्याकडे कमी जणांना ठाऊक असते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्यातले मृत्यू कशाने झाले हे त्यांनी १८५८ मध्ये एका आकृतीत मांडले. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा फाके. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा, लाल जखमांनी मेलेल्यांचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी १८५५ चा फाका सर्वांत मोठा आहे. त्या एका महिन्यात रोगांनी २,७६१ माणसे मेली, जखमांनी ८३. लढाई शत्रूशी होती आणि सैन्य मरत होते घाणीने, पटकीने, हगवणीने. तक्त्यात हे आकडे आधीच होते. संसदेतल्या माणसांनी ते वाचले नव्हते, किंवा वाचूनही त्यांच्या मनावर ते उमटले नव्हते. निळ्या रंगाच्या त्या पसाऱ्यापुढे लाल पाकळी किती लहान आहे हे मात्र कोणालाही क्षणात कळले.

या आकृतीत एक गोष्ट फार काळजीने केलेली आहे. फाक्याची लांबी मृत्यूंच्या प्रमाणात ठेवली असती तर क्षेत्रफळ वर्गाच्या पटीने वाढले असते आणि दुप्पट मृत्यू चौपट दिसले असते. त्यांच्या आधीच्या एका आकृतीत हा दोष राहिला होता. प्रसिद्ध आकृतीत त्यांनी क्षेत्रफळच मृत्यूंच्या प्रमाणात ठेवले. जिची बाजू एवढी भक्कम होती तिनेही चित्र फुगवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पण त्याच आकृतीत दुसरा एक निर्णय आहे. नाइटिंगेल यांनी एक वर्तुळ न काढता दोन काढली : एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ आणि एप्रिल १८५५ ते मार्च १८५६. पहिले अवाढव्य, दुसरे आकसलेले. मधल्या काळात, मार्च १८५५ मध्ये, स्वच्छता आयोग तिथे पोचला होता आणि त्याने गटारे साफ करायला घेतली होती. वाचक आपोआप म्हणतो की आयोग आला आणि मृत्यू थांबले. आता रोगांचे आकडे महिन्यांच्या ओळीने वाचा. जानेवारीत २,७६१, फेब्रुवारीत २,१२०, मार्चमध्ये १,२०५, एप्रिलमध्ये ४७७. आयोगाचे काम सुरू होण्याआधीच फेब्रुवारीत उतार लागलेला होता. साधा रेषालेख काढला असता तर तो उतार दिसला असता आणि श्रेय नेमके कोणाला किती, हा वाद तिथेच सुरू झाला असता. दोन वर्तुळांत तो वाद उद्भवत नाही. त्यांनी लबाडी केली असे मी मुळीच मानत नाही. जखमांपेक्षा रोगांनी माणसे मारली हे त्यांचे मुख्य म्हणणे कोणत्याही आलेखात तितकेच खरे राहते. पण कोणता आलेख निवडला यावर कोणता प्रश्न विचारला जाईल हे ठरते. इतिहासातल्या सर्वांत सद्हेतूच्या आकृतीलाही हे लागू आहे, तर जाहिरातीतल्या आकृतीला किती लागू असेल!

आलेखांच्या प्रकारांकडे याच अंगाने पाहिले पाहिजे. पाठ्यपुस्तकात स्तंभालेख, रेषालेख, वृत्तालेख, आयतालेख अशी यादी येते. पण हे प्रकार एका कपाटातून निघालेले नाहीत, प्रत्येक जण एका अडचणीतून जन्मला आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख छापले. वर्षामागून वर्षांची आयात-निर्यात त्याच्याकडे होती, म्हणून रेषा. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची आकडेवारी मिळाली. काळ नाही तर रेषा कशाची काढणार? मग त्याने देशादेशांच्या व्यापाराच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या आणि स्तंभालेख जन्मला. १८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेखही छापला.

या यादीतल्या वृत्तालेखाला आपल्याकडे नको तितका मान आहे. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल यांनी माणसाचा डोळा कोणती तुलना किती अचूक करतो हे प्रयोगांनी तपासले. एकाच मापपट्टीवरची जागा डोळा सर्वांत चांगली ओळखतो. मग लांबी, त्याच्या खाली कोन, त्याच्याही खाली क्षेत्रफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा अगदी तळाशी. वृत्तालेख कोनांवर चालतो, म्हणून दोन-तीन भागांपलीकडे तो लंगडा पडतो. केंद्रीय अर्थसंकल्पाबरोबर रुपया कुठून येतो आणि कुठे जातो हे दाखवणारे वर्तुळ दर फेब्रुवारीत छापून येते. त्यातले शेजारचे दोन तुकडे घेऊन पैशांचे आकडे झाका आणि कोणता मोठा ते सांगा. सांगता येत नाही. आपण त्या वर्तुळातले आकडे वाचतो, वर्तुळ वाचत नाही. तेच आकडे उतरत्या क्रमाने आडव्या पट्ट्यांत दिले तर एका नजरेत क्रम लागतो. वृत्तालेखाला जाडी देऊन तिरका केला की पुढचा तुकडा उगीचच मोठा दिसतो. हे कोणीही करू नये.

स्तंभालेखाचा एकच नियम मोडता येत नाही : स्तंभ शून्यापासून सुरू झाला पाहिजे. समजा दोन ठेवींचे व्याजदर ७.१ आणि ७.३ टक्के आहेत. उभा अक्ष ७ पासून सुरू केला की एक स्तंभ दुसऱ्याच्या तिप्पट उंच दिसतो, कारण स्तंभाची लांबी हेच त्याचे म्हणणे असते. रेषालेखाला हा नियम नाही. आजाऱ्याच्या तापाचा आलेख शून्य अंशापासून काढला तर ताप कधी चढला हेच कळणार नाही. एकच अक्ष दोन आलेखांत एका ठिकाणी लबाडी ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी गरज. म्हणून नियम पाठ करून भागत नाही, ते कशासाठी आहेत हे समजून घ्यावे लागते.

रेषालेखाचे मला माहीत असलेले सर्वांत देखणे रूप रेल्वेच्या नियंत्रण कक्षात आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगात. रेघ आडवी झाली की गाडी थांबली. विरुद्ध बाजूंनी येणाऱ्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे क्रॉसिंग, आणि एकेरी मार्गावर तो छेद दोन स्थानकांच्या मध्ये येत असेल तर एका गाडीला आधीच्या स्थानकात थांबवून ठेवावे लागणार. सेक्शन कंट्रोलर वर्षानुवर्षे हा आलेख पेन्सिलीने हाताने ओढत, आता तो संगणकावर उमटतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये असे आलेख वापरात होते आणि एतिएन-ज्यूल मारेने पॅरिस ते ल्यों मार्गाचा आलेख १८८५ मध्ये छापला. इथे चित्र कोणाला काही पटवण्यासाठी काढलेले नाही. ते पाहून पुढची गाडी सोडायची की नाही हे ठरते.

नकाशे सर्वांत जास्त फसवतात, कारण नकाशावर आपला विश्वास सर्वांत जास्त असतो. निवडणुकीच्या निकालाचा रंगीत नकाशा घ्या. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ६०३. नकाशावर गडचिरोली जवळजवळ चोवीस पट मोठी. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या गडचिरोलीच्या साडेअकरा पट. विधानसभेच्या जागा मुंबईत ३६, गडचिरोलीत ३. टीव्हीच्या पडद्यावर तीन जागांचा रंग पूर्व कोपरा भरून टाकतो आणि छत्तीस जागा किनाऱ्यावरच्या एका ठिपक्यात मावतात. प्रत्येक मतदारसंघाला सारखाच चौकोन देऊन तो साधारण आपल्या दिशेला ठेवला, तर जंगल आणि माणसे यांची गल्लत होत नाही. आपल्या नवव्या इयत्तेच्या भूगोलात टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी असे वितरणाचे तीन नकाशे शिकवतात. क्षेत्रघनी नकाशात एकूण संख्या न भरता घनता किंवा दर भरावा, एवढी एक शिस्त पाळली तरी निम्मा गोंधळ टळेल.

साधनांविषयी लोक सर्वांत आधी विचारतात, पण माझ्या मते तो प्रश्न शेवटचा आहे. बहुतेक कामे एक्सेल, गूगल शीट्स किंवा फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये होतात. वर्तमानपत्रासाठी झटपट आणि नीटस आलेख डेटारॅपर देते, नकाशांसाठी क्यूजीआयएस मोफत आहे, कंपन्यांत टॅब्लो आणि पॉवर बीआय चालतात. शिकायला वेळ असेल त्याने आर भाषेतले जीजीप्लॉट२ जरूर शिकावे. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखांचे व्याकरण मांडले, त्यावर ते उभे आहे. त्यात आलेखाचा प्रकार यादीतून निवडायचा नसतो. कोणती राशी कोणत्या अक्षावर, कोणती रंगात, कोणती आकारात, हे एकेक करून सांगावे लागते. म्हणजे एरवी न बोलता घेतले जाणारे निर्णय तोंडाने उच्चारावे लागतात. बटण दाबून चित्र देणारे साधन तेच निर्णय आपल्या वतीने घेऊन मोकळे होते. अक्ष कुठून सुरू झाला, रंग कोणी निवडले, हे वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

मराठीत आलेख करणाऱ्याची आणखी एक अडचण आहे आणि तिची दखल कोणी घेत नाही. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबने नेहमीच्या मांडणीत देवनागरी मथळा लिहून पाहा. आधी अक्षरांऐवजी चौकोन येतात. टंक बदलला की अक्षरे येतात, पण जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डी३सारख्या साधनांत हे होत नाही, कारण तिथे अक्षरजुळणी ब्राउझर करतो. अक्षावरचे आकडे मिलियनमध्ये येतात, लाखांत नाही. यावर उपाय आहेत, पण ते शोधत बसण्यापेक्षा इंग्रजी मथळ्याचाच आलेख मराठी लेखात चिकटवला जातो. ज्याच्या जमिनीविषयी, पगाराविषयी, पाण्याविषयी तो आलेख असतो, त्याला तो वाचता येत नाही. ही मला आळसापेक्षा मोठी चूक वाटते.

सामान्य माणसाला आलेख कळत नाहीत, असे सबब म्हणून सांगितले जाते. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता ते खोटे ठरवतो. बालकांचे वजन वयाप्रमाणे मांडण्याची ही पद्धत डेव्हिड मॉर्ली या डॉक्टरांनी नायजेरियातल्या खेड्यात रुजवली आणि ती जगभर गेली. आडवे महिने, उभे किलो, आणि हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे. सेविका बाळाचे वजन करते, महिन्याच्या रेघेवर टिंब देते, मागच्या टिंबाला जोडते. चांगली सेविका आईला रंग दाखवून थांबत नाही. ती रेघेची दिशा दाखवते. टिंब हिरव्या पट्ट्यात असूनही रेघ दोन महिने सपाट राहिली असेल तर बाळ आजारी पडले होते का, वरचे खाणे सुरू झाले का, असे ती विचारते. कधी शाळेत न गेलेली आईही दोन-तीन महिन्यांत ती रेघ वाचू लागते, कारण रेघ तिच्या बाळाची असते आणि समजावून सांगणारे माणूस समोर बसलेले असते. पट्ट्याचा रंग ही एका दिवसाची स्थिती, रेघेची दिशा ही चाललेली गोष्ट. हा भेद त्या ओसरीवर कळतो. आता वजने मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरली जातात. तिथे वर्गवारी लगेच मिळते, पण आईसमोर रेघ ओढण्याचे ते मिनिट राहिले पाहिजे, अशी मागणी मी आग्रहाने करीन.

शाळेत आपण हे उलटे करतो. दहावीच्या गणितात वृत्तालेखासाठी घटकाला एकूण संख्येने भागून ३६० ने गुणायचे, केंद्रीय कोन काढायचा, कोनमापक लावायचा आणि तुकडे रंगवायचे. मुले हे उत्तम करतात, गुणही मिळवतात. ही आकडेवारी वृत्तालेखात घालावी की घालू नये, असे त्यांना कोणी विचारत नाही. परीक्षा मंडळाने एक प्रश्न बदलावा. वर्तमानपत्रात छापून आलेला एक आलेख प्रश्नपत्रिकेत जसाच्या तसा द्यावा आणि खाली विचारावे : अक्ष कुठून सुरू होतो, कोणता काळ घेतला आहे, कोणता सोडला आहे, आकडे कोणी गोळा केले, आणि हीच माहिती वापरून याच्या उलट म्हणणे मांडणारा आलेख काढून दाखवा. या प्रश्नाला निदान पाच गुण असावेत.